वसईकडचं आभाळ

अल्फान्सोला खाडीकाठच्या बाळकुमात सगळे 'खलाशी' म्हणत, पण कौतुकानं नव्हे. उमेदीची वर्षं त्यानं झांजिबार-मॉरिशसच्या शिडाच्या जहाजांवर काढली. आगबोटी वाढल्या, शिडाची कामं गेली, आणि तो बायकोच्या, सेसिलियाच्या, भातशेतीवर येऊन पडला. नांगर धरता येईना. मग काय, बांधावर बसायचं, वसईच्या, म्हणजे समुद्राच्या, दिशेनं आभाळ बघायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ढग शिकवायचे.

"भर समुद्रात ढग कसे, आपल्या मिठागरातल्या ढिगांसारखे. बारके, पांढरे," तो सांगे. "पाण्याची वाफ वर जाते, ठराविक उंचीवर तिचा ढग होतो, म्हणून सगळ्यांची बुडं सपाट. वारा सरळ वाहिला की रांगा धरतात. रांगेतला ढग बरसत नाही. पण रांग मोडून एकमेकांना चिकटले, की एखादा फुटतो. त्याच्याखालून गार वारा चहूकडे सुटतो आणि त्या वाऱ्याच्या कडेकडेनं नवे ढग उठतात, गोल. त्यात सापडलास की मेलास!"

लोक "हो बाबा, हो" म्हणून सटकत.

एका कापणीला भात खळ्यावर पडलं होतं. सेसिलिया म्हणाली, "झाकूया." हा हसून म्हणाला, "अगं, रांगेत आहेत, बघ की!" वसईकडे होते खरेच. पाऊस आला तो पाठीमागून, पारसिकच्या डोंगरावरून. शहाण्यानं जरा मान वळवली असती तर! भाताला मोड आले. सेसिलिया संतापली, रडली, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी कामापुरतं बोलू लागली. अल्फान्सोनं ढगांचं नाव घ्यायचं सोडलं.

पुढल्या उन्हाळ्यात, पावसाळा तोंडावर असताना, सेसिलियाचा भाऊ थॉमस होडी घेऊन समुद्रावर निघाला. अल्फान्सो धावत खाडीवर आला. "जाऊ नको. रांगा मोडल्यात, गोल धरलाय."

थॉमस हसला. "दाजी, आमचं भात भिजवलंत, आता मासळीही बुडवणार काय?"

भावाला निरोप द्यायला आलेली सेसिलिया दोघांच्या मधे उभी. नवऱ्याच्या ढगांवर तिचा काडीचा विश्वास उरला नव्हता. पण भाताच्या दिवशी तो हसत होता आणि आज अनवाणी धावत आला होता, एवढं तिला दिसलं. तिनं होडीचं सुकाणू उपसलं, खांद्यावर घेतलं आणि घरचा रस्ता धरला. मागून थॉमस शिव्या घालत आला.

दुपारी वारा सुटला. वसईला खाडीच्या तोंडाशी गेलेल्या होड्यांपैकी एक परत आली नाही. थॉमसनं उपकार मानले नाहीतच. "सुकाणू तसंही ढिलं होतं," म्हणे.

संध्याकाळी सेसिलियानं नवऱ्याला ताट वाढलं आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्यासमोर बसली. "वसईकडचं आभाळ तुझं," ती म्हणाली. "पारसिककडचं माझं. माझ्यात तोंड घालायचं नाही."

मग दोघं म्हातारी होईस्तोवर तसंच चाललं. बांधावर पाठीला पाठ लावून बसायची. अल्फान्सो आधी गेला. त्यानंतर ढग दिसले की कुणी विचारी, "सेसिलियाबाय, होड्या सोडायच्या का?"

ती वसईकडे बराच वेळ बघत राही. "मला काय विचारता? ते आभाळ माझं नाही."