सरांकडे पॅन मागायचा कसा

आमच्या दहिसरच्या दवाखान्यात दर मंगळवारी संध्याकाळी सर येतात. हाडात अडकून बसलेल्या अक्कलदाढा काढणं हे त्यांचं काम. कॉलेजात मी त्यांचा विद्यार्थी होतो आणि टक्कल पडायला लागलं तरी अजून आहेच. सर दारातून आत आले की मी स्वतःच्याच दवाखान्यात, स्वतःच्याच खुर्चीतून ताडकन उठतो. पेशंट बघत असतात. इथला मालक नक्की कोण, असा प्रश्न त्यांना पडत असणार.

तर अशा माणसाकडे मला पॅन मागायचा होता.

यंदा दवाखाना जरा वाढला, आणि बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांना फी देताना त्यातून कर कापून भरायचं काम पहिल्यांदाच माझ्या गळ्यात पडलं. माझी आतेबहीण सीए आहे. तिनं वर्षाच्या सुरुवातीलाच बजावलं होतं, "पहिला चेक फाडायच्या आधी सगळ्यांचे पॅन घेऊन ठेव." मी म्हटलं, "हो गं." बाकीच्यांचे घेतलेही. सरांचं म्हणाल तर, ते फीचं नाव काढलं की "ठेव रे, बघू नंतर" म्हणायचे, आणि मलाही ते नंतरच हवं होतं.

शेवटी सरांना चेक द्यायचा मंगळवार उजाडला. दुपारी बहिणीचा फोन.

"सरांचा पॅन आला?"

"येतोय."

"चालत येतोय काय रे? ऐक, पॅन असेल तर दहा टक्के कापायचे, नसेल तर वीस. मग तुझ्या सरांना सांग काय सांगायचं ते."

माझी झोपच उडाली, तीही दुपारची. सरांचे वीस टक्के मी कापणार? गोरेगावच्या एका दवाखान्यात जाणं सरांनी मध्येच बंद केलं होतं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण तिथे त्यांच्याकडे कसले तरी कागद मागितले, अशी कुजबुज आमच्यात होती. सर आमच्याकडेही यायचे थांबले तर? अवघड दाढ दिसली की मी बिनधास्त म्हणतो, "मंगळवारी या, आमचे सर आहेत." त्या वाक्यावर माझी निम्मी प्रॅक्टिस उभी आहे. धीर म्हणाल तर सगळाच.

तोंडानं मागणं जमणार नाही, हे उघड होतं. मग मी एक शक्कल लढवली. ऑपरेशनच्या आधी संमतीपत्रावर सर डोळे झाकून सही करतात. त्याच्याच खाली पॅनचा फॉर्म लावून ठेवायचा. भरतील आपोआप! स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी एक चहासुद्धा मागवला.

त्या नादात एकच गोष्ट विसरलो. संमतीपत्र आधी पेशंटकडे जातं, मग डॉक्टरांकडे. आणि एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, हा नियम मीच रिसेप्शनवरच्या बाईंना दहादा ऐकवलेला.

सर हात धूत होते. मी आत हत्यारं मांडत होतो. तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"दाढ काढूक पॅन कार्ड कित्याक व्हया गो? माजो पॅन नाय. रेशन कार्ड चलात?"

त्या दिवसाच्या पेशंट, मालवणच्या काकू. रिसेप्शनच्या बाई ठामपणे म्हणत होत्या, "काकू, डॉक्टरांनी फॉर्म लावलाय म्हणजे लागतो. बँक खातं पण लिहा."

मी धावलो, पण काकूंनी तोवर मुलाला फोन लावला होता. त्यांनी तो माझ्या कानाला लावला.

"ओ डॉक्टर, आईचं बँक खातं कशाला पाहिजे तुम्हाला? दवाखानाच आहे ना हा? का फ्रॉड-बिड?"

"अहो नाही, तो फॉर्म त्यांचा नाही…"

"मग कोणाचा?"

वळून बघतो तर दारात सर. हातातून पाणी ठिबकतंय. नजर बाईंच्या हातातल्या फॉर्मवर.

"कोणाचा रे?" त्यांनीही तेच विचारलं.

"तुमचा, सर."

सरांनी ग्लोव्हज चढवले. पुढचा पाऊण तास कसा काढला, ते माझं मला माहीत. तोंडातलं पाणी ओढायची नळी माझ्या हातात होती आणि ती सारखी काकूंच्या गालाला चिकटत होती.

"नीट धर," सर म्हणाले. "थर्ड इयरलाही असाच लटपटायचास."

दाढ निघाली. गालात कापूस धरून काकू घरी गेल्या. जाताना माझ्याकडे असं बघितलं, जणू रेशन कार्ड वाचलं एकदाचं. आत आम्ही दोघंच उरलो.

"गोरेगावला पण मागितला होता," सर म्हणाले. "म्हणून तिथे जायचं सोडलं."

वाट लागली, मी मनात म्हटलं. "सॉरी सर. मी असा मागायला नको होता. रागावलात ना?"

"राग कसला? लाज वाटते रे. माझा पॅन बंद पडलाय. आधारला जोडलाच जात नाही. शाळेत घालताना गुरुजींनी जन्मतारीख अंदाजानं एक जून ठोकून दिली, आधारवर तीच आली. पॅन काढताना मी शहाणा, आईनं सांगितलेली खरी तारीख लिहिली. आता दोन्ही जुळेनात. वर्गात तुमचे केस पेपर फेकायचो मी, एक रकाना चुकला तरी. कोणाला सांगू?"

मी बहिणीला फोन करून स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, "बंद पॅन म्हणजे नसल्यासारखाच. या वेळी वीस." सरांनी ऐकलं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

"काप मग," सर म्हणाले. मी लिहिलेला चेक न बघताच खिशात घातला आणि निघाले. पुढच्या मंगळवारचं काहीच बोलले नाहीत. मला विचारायचा धीर झाला नाही.

तो आठवडा मी "मंगळवारी या" असं एकाही पेशंटला म्हटलं नाही. "फोन करून कळवतो," म्हणायचो.

सोमवारी सकाळी सरांचाच फोन आला. "जन्माचा दाखला सापडला, खरी तारीख आहे त्यावर. आधार केंद्रात चाललोय. तू येतोस? एकट्यानं गेलो तर फॉर्म बघूनच परत येईन."

मी सकाळचे पेशंट पुढे ढकलले. आम्ही रांगेत उभे राहिलो. सर भिंतीला पॅड टेकवून फॉर्म भरत होते आणि मी बाजूला, सवयीनं, हात मागे बांधून. त्यांनी फॉर्म माझ्यापुढे धरला.

"बघ रे, ठीक आहे?"

मी खालपर्यंत वाचला.

"सर… पिनकोड राहिलाय."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पिनकोड लिहिला आणि म्हणाले, "उद्या किती दाढा आहेत?"