मटिल्डामावशीचे गुडघे

भुईगावात मटिल्डामावशीच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. संध्याकाळी शाळेच्या मैदानाकडेला बसून ती मोगऱ्याचे गजरे ओवी आणि मुलींचा खो-खो बघे. स्वतःचं मूलबाळ नव्हतं, पण अर्ध्या गावातल्या मुलींची ती धर्ममाता. बाप्तिस्म्याला हातात घेतलेली पोर म्हातारी झाली तरी आपलीच, असं तिचं म्हणणं.

ब्याऐंशी साली रॉबर्टसर खो-खो शिकवायला आले. बूट पांढरेशुभ्र, बोलणं तुपासारखं. गाव खूश. मग एकदा तेरा वर्षांची विनी मावशीशेजारी येऊन बसली आणि कळ्या चुरगाळू लागली.

"कळ्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" मावशीने विचारलं.

विनीने कळ्या खाली टाकल्या. "सर सामानाच्या खोलीत एकटीला बोलावतात. पाय चोळून देतो म्हणतात. दार लावून घेतात. मला नाही आवडत, मावशी. पण बाबांना सांगू नको, ते माझा खेळच बंद करतील."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरीचं खरंही होतं. तिचा बाप लुईस सुतार, माणूस सरळ, पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची गावाची जुनी खोड त्यालाही होतीच.

"तुझं काही चुकलेलं नाही," मावशी म्हणाली. "खेळ सोडायचा नाही. उद्या सरांनी बोलावलं की मला हाक मार."

दुसऱ्या दिवशी विनीने हाक मारली. मावशी तडक खोलीत शिरली, बाकावर बसली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं.

"सर, तुम्ही पाय छान चोळता म्हणे. चर्चमध्ये चाळीस वर्षं टेकून हे गुडघे झिजलेत. आधी माझे घ्या."

मागोमाग इझाबेल, कॅथरिन आणि रोझरीच्या प्रार्थनेला जमणाऱ्या आणखी नऊ बायका आल्या. प्रत्येकीच्या हातात खोबरेलाची बाटली. हसत-खिदळत रांग पार मैदानात गेली. सर घामाघूम होऊन तिसऱ्या गुडघ्यापर्यंत पोचले, तेव्हा गर्दी बघून मुख्याध्यापक धावत आले.

"हे सर दार लावून मुलींचे पाय चोळतात," मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "तुमच्या परवानगीने का?"

मुख्याध्यापक चाचरले. "कोणत्या मुलींचे?"

"आमच्या. सगळ्याच आमच्या आहेत."

खोलीतलं हसू थांबलं. बारा बायका सरांकडे नुसत्या बघत राहिल्या.

आठवडाभरात सरांना काढून टाकलं. त्यांना दुसऱ्या तालुक्यातल्या शाळेत नोकरी मिळतेय असं कळल्यावर मावशी एसटीने तिथेही गेली, बाटलीसकट. नोकरी काही मिळाली नाही.

मग तिने लुईसला बोलावून त्या खोलीचं दार काढायला सांगितलं.

"सामान चोरीला जाईल की," पहिली बिजागरी काढता काढता लुईस म्हणाला.

"सामान पुन्हा आणता येतं."

लुईसचा हात थांबला. त्याने मावशीकडे पाहिलं, मग मैदानाकडे. त्याचा चेहरा उतरला.

"माझी विनी?" त्याने हळूच विचारलं.

"बघ ना, कशी पळतेय."

विनी खांबाला वळसा घालून सुसाट सुटली होती. लुईस खूप वेळ बघत राहिला. त्याने तिला घरी चल म्हणून हाक मारली नाही. वळला आणि उरलेली बिजागरी पटाशीने उपटून काढली.