शेवटचं पिवळं बटण

सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. शाळा भरायला पाऊण तास अवकाश होता आणि संगीताच्या खोलीत बटणबाई कापडाच्या पट्टीवरचं लाल बटण उसवत बसल्या होत्या.

हे नाव मुलांनीच ठेवलेलं. बाईंच्या वर्गात सहा-सात वर्षांची मुलं स्वतः चाली बांधतात. काठीने वाजवायचं, आठ रंगीत सुरांचं एक वाद्य आहे. सर्वांत खालचा सूर लाल, त्याच्या वरचा पिवळा. लिहिण्याची बोंब, म्हणून मूल आपली चाल त्याच रंगांच्या बटणांनी टेबलावर मांडतं आणि बाई ती घरी नेऊन कापडावर ओळीने शिवतात. सव्वीस वर्षांत अशा चारशेच्या वर चाली शिवून झाल्या. "नवऱ्याच्या एका शर्टाला धड बटण नाही," जाऊबाई म्हणतात, "आणि इथे गाण्यांना काज-बटणं!"

परवा एका मुलीने पहिल्यांदाच चाल मांडली. त्याआधी तीन महिने तिने काठीला हातही लावला नव्हता. सात बटणं, शेवटचं पिवळं. शिवताना बाईंनी चाल गुणगुणून पाहिली, तर ती अधांतरीच राहिली. पोरीची नजरचूक असेल असं धरून त्यांनी पिवळ्याच्या जागी लाल लावलं. चाल खालच्या सुरावर टेकली की त्यांच्या जिवाला बरं वाटतं, मुरलेली सवय.

काल त्यांनी ती वर्गात वाजवली. टाळ्या पडल्या. मुलगी म्हणाली, "ही माझी नाही. तुमची तुम्हीच वाजवा." आणि दाराजवळ जाऊन बसली.

"अहो, शेवट झकास होतोय की," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "लहान आहे, विसरेल."

"विसरेल हो. पण पुन्हा मांडणार नाही."

आज आठला मुलगी आली. बाईंनी पट्टी तिच्यापुढे ठेवली. शेवटच्या जागी नुसता दोरा लोंबत होता.

"माझं चुकलं. तुला न विचारता बदललं."

"तुम्ही उसवलंत? हाताने?"

"नाही तर काय, पायाने?"

ती हसली नाही. बटणांचा डबा उपसून तिने पिवळं बटण काढलं.

"शेवटी खाली का गं उतरत नाहीस?"

"तो आमचा जिना आहे. लाल पायरीवर कुत्रा झोपतो. मी पिवळीवरच थांबते."

"किती वेळ?"

मुलीने विचार केला आणि डब्यातून आणखी एक, काळं बटण उचललं.

"अगं, काळा सूर नाहीये आपल्याकडे. हे वाजणार नाही."

"कुत्रा झोपलाय ना बाई! वाजवायचं कशाला?"

बाईंनी सुईत दोरा ओवला.

उद्याचा पहिला तास आठ वाजून दहा मिनिटांनी आहे. सुरुवात याच चालीने: आठ बटणं, सात सूर. वाजवणार ती मुलगीच. फळ्यावर तसं लिहिलेलं आहे.