कौसाबाईंची काच

कौसाबाईंनी काउंटरवर रिपोर्ट ठेवला, खालच्या सहीवर बोट टेकवलं आणि विचारलं, "ह्यो माणूस कुठाय?"

परभणीत स्टेशनजवळच्या एका लॅबमध्ये मी तेव्हा टेक्निशियन होतो. रिपोर्ट न्यायला रोज माणसं यायची. कुणी 'काय निघालं?' म्हणून विचारायचं, कुणी 'भ्यायचं काही नाही ना?' म्हणून. सही करणारा माणूस कुठे आहे, असं सात वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. समोरची बाई पन्नाशीची, उंच, काळीसावळी होती. पदर डाव्या बाजूला दुहेरी घडी घालून पिनेनं पक्का केलेला. आवाज असा, की आत रक्त काढून घेत बसलेला माणूससुद्धा वळून पाहायला लागला.

"डॉक्टर रविवारी येतात," मी ठरलेलं उत्तर दिलं.

"मग रविवारी येते. आज मपली काच दे. संभाजीनगरच्या दवाखान्यानं मागितलीय."

मपली म्हणजे माझी, आणि काच म्हणजे स्लाइड. गाठीच्या तुकड्याचा पातळ काप ज्या काचपट्टीवर रंगवून ठेवतात, ती. सोबत तो तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळाही असतो. मी कपाटातून दोन्ही काढून दिलं. त्यांनी ते रुमालात गुंडाळलं, रुमाल डब्यात ठेवला आणि डबा खताच्या पोत्यापासून शिवलेल्या पिशवीत. अंडी न्यावीत तसं सगळं चाललं होतं.

रविवारी त्या खरंच आल्या. राणीसावरगावच्या अलीकडच्या एका लहानशा गावाहून, पहिल्या गाडीनं. नऊपासून दोनपर्यंत बाकावर बसल्या. डॉक्टर आले नाहीत. येणारच नव्हते, हे मला माहीत होतं. ते दुसऱ्या जिल्ह्यात राहत, आमच्यासारख्या कितीतरी लॅबना त्यांची सही चाले, आणि ती सही आमच्या कॉम्प्युटरमध्ये चित्रासारखी साठवलेली होती. मी म्हणालो, "त्यांना अर्जंट काम निघालं."

कौसाबाई उठल्या. पिशवी खांद्याला लावली. "निघू दे. रविवार लय असतेत," म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या रविवारी पुन्हा त्याच बाकावर.

हळूहळू त्यांची हकीकत कळत गेली. त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पोरांची खिचडी शिजवायच्या. चौदा वर्षं. छातीत बोराएवढी गाठ लागली म्हणून परभणीच्या एका सर्जनला दाखवलं. त्यानं तुकडा काढून आमच्याकडे पाठवला. आमच्याकडून रिपोर्ट गेला: कॅन्सर. आठ दिवसांत सर्जननं डावा स्तन काढून टाकला. काढलेला भाग त्यानं दुसऱ्या लॅबला पाठवला, तिथे कॅन्सरचा मागमूस नव्हता. सर्जन म्हणाला, "छान झालं, सगळं निघून गेलं." पुढच्या औषधांसाठी कौसाबाई संभाजीनगरला गेल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी सलाइन लावण्याआधी विचारलं, "पहिली स्लाइड कुठाय? आम्ही स्वतः पाहिल्याशिवाय औषध सुरू करत नाही." त्या वाक्यानं कौसाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. स्वतः पाहायचं असतं, तर मग आधी कुणी पाहिलं होतं?

तीन आठवड्यांनी त्या आल्या तेव्हा रविवार नव्हता. त्यांनी नवा रिपोर्ट माझ्यापुढे धरला. "वाचून दाखव. मराठीत सांग."

मी वाचला. कॅन्सर नव्हता. कधीच नव्हता. सुजेची गाठ होती, औषधानं विरली असती अशी. मी हे सांगितलं, पण माझ्याच कानांना माझा आवाज ओळखू येईना.

त्यांनी रिपोर्ट परत घेतला, घडी घातली. मग म्हणाल्या, "मपली काच त्यानं डोळ्यानं बघितली होती का?"

इथे मी पुन्हा खोटं बोलू शकलो असतो. लॅबचे मालक आतच बसले होते. पण ती बाई माझ्याकडे अशी पाहत होती, जणू उत्तर तिला ठाऊक आहे आणि मी काय म्हणतो एवढंच तिला बघायचंय.

"नाही," मी म्हणालो. "मोबाइलवर फोटो बघितला."

"फोटो कोण काढला?"

"मी."

"सही कोण लावली?"

"मी."

त्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर मोबाइल धरून फोटो काढला होता. काप जाड आला होता, फोटो धूसर होता. डॉक्टरांचा मेसेज आला: 'लग्नात आहे. कॅन्सरच दिसतोय. टाइप कर.' मी टाइप केलं. सही चिकटवली. मग जेवायला गेलो. हे सगळं मी कौसाबाईंना सांगितलं. त्या रडल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "हे तू दुसऱ्या कुणापुढं बोलशील का?"

"माझी नोकरी जाईल, मावशी."

"मपली बी गेली," त्या म्हणाल्या.

ते मला माहीत नव्हतं. कॅन्सरची खबर गावात पोचल्यावर कुणीतरी उठवलं, की हा रोग हाताला लागतो. पालकांनी शाळेत येऊन सांगितलं, तिच्या हातचं आमच्या लेकरांना नको. त्यांच्या जागी दुसरी बाई लावली गेली. छाती गेल्याचं कौसाबाईंनी सोसलं होतं. शाळेच्या फाटकातून परत पाठवल्याचं त्यांना सोसलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांचा मला फोन आला. मालकांनी त्यांना सगळं कळवलं होतं. "तो मेसेज डिलीट कर. विषय संपव." मी हो म्हणालो आणि केला नाही. धाडसानं नाही, सांगतो. फक्त 'मपली बी गेली' हे डोक्यातून जाईना.

कौसाबाईंनी आधी गावाचा निकाल लावला. ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या आणि संभाजीनगरचा रिपोर्ट मुख्याध्यापकांच्या हातात दिला. "गुरुजी, मोठ्यानं वाचा. मराठीत." गुरुजी मला हे पुढे स्वतः हसत हसत सांगायचे. ते सुरुवातीलाच अडखळले. समोर दीडशे गडीमाणसं, बायका, आणि कागदावर तो शब्द. गुरुजी म्हणाले, "डाव्या... डाव्या बाजूच्या..."

"स्तन म्हणा, गुरुजी," कौसाबाई म्हणाल्या. "ते कापून नेलंय. आता त्याला काय लाजायचं?"

गुरुजींनी वाचलं. मग कौसाबाईंनी विचारलं, "कॅन्सर न्हाई, हे ऐकलं का समद्यांनी? आन असता तरी तो खिचडीतून लागत न्हाई, हे बी संभाजीनगरच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. सोमवारी मी चुलीवर यायले. कुणाला काई म्हनायचं असंल तर आत्ता म्हना." कुणी काही म्हटलं नाही. सोमवारी त्या चुलीवर होत्या. बदली बाईला मात्र त्यांनी काढू दिलं नाही. "तिची काय चूक? दोघी करू," म्हणाल्या. पोरं वाढली होती, हातही वाढले.

मग तक्रार. डॉक्टरांच्या परवान्याचे निर्णय मुंबईतली एक समिती घेते, तिच्याकडे. गुरुजींनी फुलस्केपवर लिहून काढली. गुरुजी जरा जड भाषा घालायला लागले, की कौसाबाई थांबवायच्या: "वाढवू नका. झालं तेवढंच लिहा. झालं तेवढंच लय हाय." मी माझा जबाब जोडला, मेसेजसकट. दुसऱ्या दिवशी लॅबमधून मला काढलं.

सुनावणी तीन वेळा पुढे ढकलली गेली. प्रत्येक वेळी आम्ही मुंबईला जाऊन परत आलो. तिसऱ्या खेपेला कचेरीबाहेरच्या बाकावर कौसाबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. मी हात पुढे करेना. मनात साचलेलं तेव्हा बाहेर आलं. म्हणालो, "मावशी, मला माफ केलं असं एकदा म्हणा."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "ते न्हाई म्हणणार. खोटं व्हईल. रोज अंघोळीला बसते तवा तू बी आठवतोस, त्यो बी आठवतो." मग भाकरी माझ्या हातावर ठेवली. "पण जेव. उपाशी पोटी नीट बोलता येत न्हाई."

मी जेवलो. त्यापेक्षा खरं बोलणं माझ्याशी कुणी केलेलं मला आठवत नाही.

चौथ्या खेपेला सुनावणी झाली. टेबलामागे पाच डॉक्टर होते. समोर आमचे सहीवाले डॉक्टर आणि सर्जन. सहीवाले डॉक्टर म्हणाले, टेक्निशियननं फोटो खराब पाठवला. सर्जन म्हणाले, मी रिपोर्टप्रमाणे केलं. कौसाबाई उठून म्हणाल्या, "फोटोवर रिपोर्ट, रिपोर्टवर ऑपरेशन. मग मपल्याकडं कोण बघितलं?"

अध्यक्ष वयस्क बाई होत्या. त्यांनी विचारलं, "तुमचं म्हणणं काय आहे? डॉक्टरांकडूनही चूक होऊ शकते, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

"हाय ना," कौसाबाई म्हणाल्या. "बघून चुकले असते तर मी इथं आलेच नसते. बाई, मी शाळंत खिचडी करते. वाढायच्या आधी मी एक घास खाते, मग गुरुजी खातेत, मग चवीच्या वहीत सही व्हते. लेकरं भुकेजून ताटं वाजवायलेत, तरी आधी घास, मग सही. एकदा डाळीला वास आला, तर समदं पातेलं वतून दिलं आन पुन्हा चूल पेटवली. ती खिचडी हाय. ही तर बाईची छाती व्हती. ह्यांनी चाखलंच न्हाई आन सही केली."

सहीवाले डॉक्टर खाली पाहत होते. अध्यक्षबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला: "तुम्ही ती स्लाइड आजपर्यंत एकदा तरी पाहिलीत का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

निकाल काही महिन्यांनी लागला. त्यांचा परवाना ठरावीक काळापुरता काढून घेतला गेला, सर्जनला ताकीद मिळाली, आमची लॅब बंद झाली. मला वाटलं होतं, कौसाबाईंना ही शिक्षा कमी वाटेल. मी फोन करून सांगितलं. पलीकडून पातेल्यात पळी फिरत असल्याचा आवाज येत होता. "तेवढे दिवस तरी कुणाचा कागद त्याच्याकडनं जाणार न्हाई," त्या म्हणाल्या. "ठेव आता. भात लागायलाय खाली."

मला वर्षभर काम मिळालं नाही. मग जिंतूरला एका लॅबमध्ये लागलो. तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना मी पहिल्याच दिवशी माझी सगळी गोष्ट सांगितली होती. त्या म्हणाल्या, "इथे सही मी स्वतः, पेनानं करते. तुम्ही काप पातळ काढा." मी पातळ काप काढायला शिकलो. खरं म्हणजे तिथे पहिल्यांदा शिकलो.

कौसाबाईंचं नाव एव्हाना त्या भागात झालं होतं. बायका कॅरीबॅगमध्ये रिपोर्ट घालून त्यांच्याकडे यायच्या. त्या वाचू शकत नव्हत्या, पण कुणाला काय विचारायचं ते पक्कं सांगायच्या. अशीच त्यांनी एके दिवशी त्यांची धाकटी जाऊ, मुक्ता, जिंतूरला आणली. पस्तिशीची, किडकिडीत, घाबरलेली. मुक्ताच्याही छातीत गाठ होती. मॅडमनी गाठीचा तुकडा तपासला, दोनदा तपासला, तिसऱ्या दिवशी बोलावून सांगितलं. कॅन्सर होता. लवकर सापडला होता. ऑपरेशन करायला हवं होतं.

मुक्ता ठाम होती. "मी न्हाई करणार. अक्काला बी असंच सांगितलं व्हतं. ते खोटं निघालं, हे बी खोटं निघंल."

मॅडमनी रिपोर्ट पुन्हा समजावून सांगितला, ती ऐकेना. मी तर बोलण्याच्या लायकीचाच नव्हतो. मुक्ता म्हणत होती त्यात माझाही वाटा होता. एका खोट्या रिपोर्टनं दुसऱ्या बाईचा खऱ्या रिपोर्टवरचा विश्वास उडाला होता.

कौसाबाई मॅडमना म्हणाल्या, "मला काच दाखवा."

मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. कौसाबाईंनी एक डोळा मिटला, दुसरा लावला, भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग उठल्या. "मला काई कळलं न्हाई. नुस्ते जांभळे ठिपके दिसायलेत. तुमी बसा." मॅडम बसल्या, त्यांनी तीच काच पुन्हा इकडून तिकडे सरकवत पाहिली, आणि कुठे काय दिसतंय ते साध्या शब्दांत सांगितलं. कौसाबाई त्यांच्या बाजूला उभ्या राहून काचेकडे नाही, मॅडमच्या तोंडाकडे बघत होत्या. पाच मिनिटं झाली असतील.

"बघितलं ह्यांनी," त्या मुक्ताला म्हणाल्या. "मी बघताना बघितलं."

मुक्ता नाही म्हणून मान हलवत राहिली. तेव्हा कौसाबाईंनी मला बाहेर जायला सांगितलं. दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळे पुढचं ऐकू आलं. पदराची पिन काढल्याचा बारीक आवाज, आणि मग त्यांचं बोलणं. इतकं हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"हात लाव. भिऊ नको. हे मपलं उगीच गेलं. तुझं उगीच न्हाई जाणार, तुझं जाईल तवा तू राहशील. ह्या दोन्हीत लय फरक हाय, मुक्ता. मी सांगते म्हणून ऐक. मपल्याशिवाय हे कोण सांगणार तुला?"

मग मुक्ताचा आवाज आला, "दुखतं का गं, अक्का?"

"पहिल्यांदा दुखलं. आता राग येतो कवाकवा. येऊ दे. राग येतो तवा दोन भाकरी जास्त जातेत."

मुक्ता हसली. रडत रडत, पण हसली. दार उघडून दोघी बाहेर आल्या. मुक्तानं मला विचारलं, "दादा, संभाजीनगरची गाडी किती वाजता हाय?"

पुढच्या गाडीनं त्या गेल्या. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले आणि परत आले. या हंगामात मुक्तानं कापूस वेचला.