शेराचा खुराक

माझ्या मामेसासऱ्यांच्या घरातून आजवर कोणताही जीव बारीक होऊन बाहेर पडलेला नव्हता. चार दिवसांसाठी गेलेला पाहुणा परतताना पँटचं बटण सोडूनच एसटीत बसे. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेल्या माणसालाही वाटीभर खीर संपवल्याशिवाय मामा मीटरजवळ फिरकू देत नसत. तरुणपणी ते कोरेगावच्या बाजूचे नावाजलेले पैलवान. जगातलं कुठलंही दुखणं खुराक आणि मेहनत कमी पडल्यामुळेच होतं, यावर त्यांची इतकी श्रद्धा की मामींचं शिलाई मशीन कुरकुरलं तर त्यात तेलाऐवजी तूप घालायलाही त्यांनी कमी केलं नसतं.

माणूस पारखायची त्यांची पद्धतही तालमीतली. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीचे माझा पगार विचारत होते. मामांनी जवळ येऊन माझी पोटरी दाबली, माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात का ते विचारलं, आजोबा शेवटपर्यंत चालते-फिरते होते का तेही विचारलं आणि ओसरीवर जाऊन निकाल दिला, "हाडापेरानं बरा हाय, खुराक कमी पडलाय." लग्न त्या निकालावर ठरलं. बैल घेताना तर ते त्याच्या आईच्या आईपर्यंत पोचत. त्यामुळे जर्मन शेफर्डचं पिल्लू आणताना त्यांनी आईबापांबद्दल चकार शब्द कसा काढला नाही, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. सहा पिल्लांतलं सगळ्यात गुबगुबीत त्यांनी उचललं, मांडीवर घेतलं आणि नाव ठेवलं शेरा.

शेरा हा त्यांचा शेवटचा पट्ठा. सकाळी म्हशीचं दूध आणि अंडी, दुपारी तुपात कुस्करलेली भाकरी, संध्याकाळी मटण, आणि मधूनमधून मामी पदराआडून लोण्याचा गोळा द्यायच्या तो वेगळा. चार महिन्यांचा होतो न होतो तोच मेहनत सुरू झाली. मामा स्कूटरवर पुढे आणि शेरा कॅनॉलच्या रस्त्याने मागे. परत आल्यावर गच्चीच्या जिन्याने वर-खाली. त्याला मामा बैठका म्हणत. उरलेला वेळ शेरा मामांच्या लष्करातल्या मुलाने हौसेने बसवून दिलेल्या गुळगुळीत फरशीवर घसरत खेळे. आठव्या महिन्यात तो वासराएवढा दिसू लागला आणि पळताना मागचे दोन्ही पाय जोडून उड्या मारू लागला. "चाल बघा जावयबापू, सशावानी," मामा कौतुकाने म्हणाले. मला इतकं हसू आलं की मी व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी तो उघडत नाही.

मग शेरा बसला की उठायला वेळ लावू लागला. जिन्याखाली उभा राहून नुसता वर बघत राही. मामांनी निदान केलं आळस, आणि तूपही वाढवलं, फेऱ्याही वाढवल्या. एके दिवशी स्कूटरचा आवाज ऐकून तो उठायला गेला, मागचे पाय फरशीवर फाकले आणि तो तसाच बसून राहिला. ओरडलाही नाही. मामांनी स्कूटर बंद केली आणि मला सांगलीला फोन लावला.

सांगलीच्या विश्रामबागेत जनावरांच्या एक डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. "मामा, हे उखळ आणि हे मुसळ समजा. याचं उखळच उथळ आहे. मांडीचं हाड आत बसत नाही, घसरतं आणि घासतं. पाय जोडून उड्या मारायचा तो या दुखण्यानेच." मोठ्या जातीच्या कुत्र्यांत हे बऱ्याचदा रक्तातून येतं, म्हणून पिल्लू घेण्याआधी आईबापांच्या कमरेचे एक्स-रे बघायचे असतात, असं त्या म्हणाल्या. वर हाडं कोवळी असताना वजन भराभर वाढलं, पळणं, जिने आणि निसरडी फरशी यांची भर पडली, की ते बळावतं. त्या शांतपणे एकेक गोष्ट विचारत होत्या आणि मामा प्रत्येकीला "व्हय" म्हणत होते. शेवटचं व्हय मला ऐकूही आलं नाही. दोन्ही बाजू इतक्या झिजल्या होत्या की ऑपरेशनचीही त्यांना खात्री वाटत नव्हती. बरा होणार नाही, पण वजन उतरलं तर काही वर्षं स्वतःच्या पायांवर हिंडेल, खाणं निम्मं करा, असं त्यांनी सांगितलं.

परतताना जीपमध्ये शेराचं डोकं मांडीवर घेऊन मामा म्हणाले, "तुमची पोटरी दाबून बघितली मी. ह्याच्या बापाची न्हाई बघितली." एरवी मी हसलो असतो.

ज्या माणसाने जन्मभर लोकांना आग्रहाने वाढलं, त्याच्यावर आता आपल्याच लाडक्याला उपाशी ठेवायची पाळी आली. घरभर गोणपाटं अंथरली, जिन्याला फाटक बसलं, गोळ्या सुरू झाल्या. तेवढं सगळं जमलं, खाण्याचं मात्र जमेना. महिन्याने शेराचं वजन उलट वाढलेलं निघालं, कारण मामा आणि मामी एकमेकांपासून लपवून त्याला चारत होते. त्या दिवसापासून मामांनी स्वतःची भाकरी निम्मी केली आणि ते शेरासमोर बसून जेवू लागले. वजन उतरलं, दोघांचंही, पण शेराच्या पायांना उशीर झाला होता. खरं सांगतो, त्या घरी जायला आता माझं पाऊल उचलत नाही. तिथे जेवणाचा आग्रह होत नाही.

मध्यंतरी मलकापूरचे त्यांचे तालमीतले जुने जोडीदार आपली कुत्री घेऊन आले होते. शेरा बसलेला असला की अजूनही देखणा दिसतो, त्यांना त्याची पिल्लं हवी होती. मामांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "गड्या, ह्याचं रक्त फुडं न्यायचं न्हाई. दुखणं माझ्या दारात आलंय, हितंच संपू दे." पुढच्याच आठवड्यात शेराला सांगलीला आणून त्यांनी नसबंदी करून घेतली.

गेल्या महिन्यात धीर करून गेलो. शेराला आता कमरेखालून कापड घालून मागचा भार उचलून धरावा लागतो. डॉक्टरीणबाईंनी टॉवेल सांगितला होता, पण तो काचतो म्हणून मामांनी ट्रंकेतून फेटा काढला होता. जत्रेतली शेवटची कुस्ती जिंकल्यावर भर मैदानात बांधलेला, गुलाबी. मुलाच्या लग्नातही त्यांनी तो बाहेर काढला नव्हता. त्या फेट्याची दोन टोकं मुठीत धरून ते कॅनॉलच्या रस्त्याने निघाले, मी मागून. शेराचे पुढचे पाय चालत होते, मागचे फेट्याच्या आधाराने जमिनीला जेमतेम टेकत होते. मामांचा सदरा त्यांच्या अंगावर सैल लोंबत होता. कुणाची तरी स्कूटर शेजारून गेली. शेराने कान टवकारले आणि पळायला म्हणून पुढचे पाय उचलले. मामांनी फेटा आवळून धरला.

"हळू रं पट्ठ्या," ते म्हणाले. "आता मेहनत माझी."

मग ते वाकून, एकेक पाऊल टाकत, त्याला घराकडे घेऊन निघाले.