जपानी मालकासाठी लावलेला क्लास

माझा मुलगा हिंजवडीत एका अमेरिकन बँकेचं काम करायचा. ती बँक बुडाली आणि तिचा एक भाग जपान्यांनी विकत घेतला. ऑफिसात बातमी पसरली, की जपानी भाषा येणाऱ्यांनाच ठेवतील. पुण्यात माणूस अडचणीत आला की क्लास लावतो. त्यानेही लावला.

चाळिशीतला बाप्या रोज कसब्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात बसून चौकटीच्या वहीत अक्षरं गिरवायचा. मी चौथी शिकलेली. विचारलं, "अमेरिकन गेले तसे उद्या हेही गेले, तर?"

"आई, जगातला पैसा आता पूर्वेकडे चाललाय."

"मग आपण काय पश्चिमेला राहतो?"

तो हसला नाही.

वर्षभराने परीक्षा पास झाला. सुनेने पेढे वाटले. त्याच आठवड्यात जपान्यांनी इथलं काम उचलून चीनला नेलं. काढून टाकल्याचं पत्र इंग्रजीत आलं.

मी विचारलं, "कुणाशी जपानीत बोललास तरी का?"

"एकही जपानी कधी ऑफिसात आला नाही."

त्यानंतर त्याने दुसरीकडे अर्ज केले नाहीत. दिवसभर खिडकीशी बसायचा. मी धीर दिला नाही. माझ्याकडेच धीर उरला नव्हता.