दगडातून आलेला खेकडा

कुंडलिक मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही, आणि हे लिहितानाही आवडत नाही. बारामतीच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो आणि तो माझ्या प्रयोगशाळेचा शिपाई होता. पळसदेवच्या भोयांच्या घरातला, भीमेच्या पाण्यात वाढलेला माणूस. काम सांगितलं की आधी कामाकडे पाहायचा, मग माझ्याकडे, आणि मग हलायचा. त्या मधल्या पाहण्यानं माझं डोकं फिरायचं.

१९५३च्या दिवाळीत मी रत्नागिरीला घरी गेलो आणि येताना चार बरण्या खारं पाणी, बोटभर लांबीचे अकरा मासे आणि शोभेला एक भोकाभोकांचा दगड घेऊन आलो. सगळं एसटीनं, कंडक्टरशी भांडत. शाळा तपासनीस येणार होते आणि बारामतीत जिवंत समुद्र दाखवून मला त्यांच्याकडून शाबासकी घ्यायची होती. काचेची पेटी प्रयोगशाळेत मांडली. पंप कुठला असायला? कुंडलिकनं तांब्यानं पाणी उचलून वरून धार सोडायची, म्हणजे पाण्यात हवा मिसळते. त्यासाठी तो रात्रीही तिथंच निजायचा. धारेत त्यानं कधी कसूर केली नाही, एवढं मान्य करतो.

आठव्या दिवशी एक मासा कमी भरला. मग रोज एक. पेटीत ना काटा, ना खवला. किल्ली कुंडलिककडे आणि निजायलाही तोच. पाच मासे उरले तेव्हा मी अकरावीच्या भरल्या वर्गात त्याला विचारलं, "रस्सा तिखट केला होतास की अळणी?"

वर्ग खो खो हसला. मला बरं वाटलं. कुंडलिकनं तांब्या खाली ठेवला.

"मासं खातो मी, सर," तो म्हणाला. "पर ह्ये न्हाय खाल्लं. एवढा बारका मासा आमच्यात पोरंबी परत पान्यात सोडत्यात."

वर हेही म्हणाला, की दगडातून खरखर ऐकू येते, आत काहीतरी बसलंय. मी बी.एस्सी. झालेला, दगड माझ्या हातानं निवडलेला. मला शिकवू नकोस, असं मी त्याला सुनावलं.

मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं ‘मासेचोर’ हे नाव पडलं होतं. पोरं त्याच्या पाठीमागे ओरडायची. त्याची बायको छबूबाई बाजारात गेली तर तिथंही ओरडायची. मी त्यांना एकदाही दटावलं नाही. उलट हेडमास्तर मोहनरावांकडे जाऊन त्याला काढून टाका म्हणालो.

मोहनरावांनी प्रयोगशाळेत येऊन कुंडलिकला बोलावलं. नोकरीसाठी रडेल अशी माझी अपेक्षा होती. तो म्हणाला, "नोकरी गेली तर जाऊ द्या. नाव जाऊ देनार न्हाय." आणि त्यानं विहिरीच्या पाण्याची एक बादली भरून आणली.

कशाला, म्हणून मोहनरावांनी विचारलं.

"नदीचा खेकडा बिळातनं निघंना, तर आमी बिळात मिठाचं पानी वततो. ह्यो खाऱ्या पान्यातला हाय. ह्याला गोडं सोसनार न्हाय."

हे भोयाचं विज्ञान ऐकून मी मोठ्यानं हसलो. त्यानं दगड उचलून बादलीत ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मी घड्याळ पाहिलं, आता पुरे म्हणायला तोंड उघडलं, तोच भोकातून दोन नांग्या बाहेर आल्या आणि पाठोपाठ लिंबाएवढा काळा, केसाळ खेकडा. कुंडलिकनं त्याला मागून दोन बोटांत धरला.

"तुमच्यासंगंच आला ह्यो, सर. एसटीनं."

मोहनरावांना हसू आवरेना. कुंडलिक मात्र हसला नाही.

"पोरांदेखत चोर म्हनलात," तो मला म्हणाला. "आता पोरांदेखत न्हाय म्हना. दुसरं काय नगं."

हेडमास्तर समोर उभे होते. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी खेकडा स्पिरिटच्या बरणीत घालून वर्गात नेला. फळ्यावर त्याची आकृती काढली, पाय मोजून दाखवले, तो दगडात लपून कसा येतो तेही सांगितलं. कुंडलिक दाराशी उभा होता. कुणी शोधला, मी कुणाला चोर म्हणालो होतो, यातलं एक अक्षर मी काढलं नाही. शिपायापुढे मान खाली घालायची माझी तयारी नव्हती. तास संपला तरी तो थोडा वेळ तिथंच होता.

पोरांनी नाव सोडलं नाही. शिमग्याआधी तो नोकरी सोडून पळसदेवला गेला आणि भीमेवर नाव वल्हवू लागला. मला सुटल्यासारखं वाटलं.

१९५९ साली करमाळ्याकडे जाताना पळसदेवला भीमा ओलांडायची होती. नावेत बसलो तर वल्ह्यावर कुंडलिक. त्यानं मला ओळखलं, पण नमस्कार केला नाही. मीही केला नाही. माझ्याबरोबर आनंद होता, त्याच अकरावीतला, आता बांधकाम खात्यात साहेब झालेला. नाव मध्यावर आली तेव्हा त्याला आठवलं.

"सर, हा तर आपला मासेचोर," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं हसत म्हणाला.

शेजारच्या बाईनं वांग्यांची पाटी हळूच आपल्या पायांशी ओढून घेतली. कुंडलिकनं ते पाहिलं. वल्हं थांबवून तो माझ्याकडे पाहत राहिला. एक वाक्य पुरलं असतं, ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं.

मी विचारलं, पलीकडे पोचायला अजून किती वेळ लागेल.